मधलं गाळून

त्याला सगळे सोलो म्हणायचे. हे नाव कुणी लाडाने ठेवलेलं नव्हतं, त्याने ते आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं. नगर कार्यालयाच्या सांस्कृतिक विभागाने एकदा सामुदायिक कार्यक्रमांसाठी उपलब्ध असलेल्या एकल कलाकारांची यादी छापली. त्यात एक बासरीवाला होता, लोकगीतं गाणारी एक निवृत्त परिचारिका होती, आणि असेच आणखी काही. प्रत्येकाच्या नावापुढे शास्त्रीय आणि लोकसंगीत असे दोन चौकोन होते. बाकीच्यांनी आपापला वकूब ओळखून एकेका चौकोनात खूण केली, याने दोन्हींत केली. मग ती यादी आणून इमारतीच्या जिन्यात चिकटवली, आपल्या नावाखाली लाल रेघ ओढली आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, सोलो. हा कुणाच्या मागे साथीला बसणारा माणूस नव्हे, हे जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळावं एवढाच हेतू. ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळे त्याला सोलो म्हणायला लागले, आणि त्यातली चेष्टा तेवढी त्या एकट्याला ऐकू आली नाही.

व्हायोलिन वाजवायचा. वाईट वाजवायचा असं म्हणता येत नाही, आणि दुखणं तेच आहे. वाईट वाजवत असता तर कधीतरी कुणीतरी तोंडावर सांगितलं असतं, मग हा एक तर सुधारला असता नाहीतर वाद्य विकून मोकळा झाला असता. हा बऱ्यापैकी वाजवायचा. बऱ्यापैकी माणसाला या जगात कुणी काही सांगायला जात नाही. पाठीवर थाप मारतात, हातात गार चहाचा कप देतात आणि खुर्च्या आवरायला लागतात.

दिवसा तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि फ्रेमच्या मापाने बसवायचा. मालकाशी त्याचं बरं होतं, गिऱ्हाइकांशी त्याचा संबंध येत नव्हता, आणि हे दोन्ही पक्षांच्या दृष्टीने चांगलंच होतं. कारण लोकांविषयी त्याचं मत ठरलेलं होतं. वाचनालयाचा वर्धापनदिन असो, बँकेच्या नव्या शाखेचं उद्घाटन असो, रक्तदान शिबिर असो, हा वाजवून घरी आला की बूट काढता काढता बायकोला सांगायचा, "गाढवाला गुळाची चव काय?" मग कोण खोकलं, कुणाचा फोन वाजला, कोण मध्येच उठून वडा-पाव नाही तर बिस्किटं बघायला गेलं, याची उजळणी व्हायची. बायको एका शाळेच्या कचेरीत कारकून होती, दिवसभर पालकांची गाऱ्हाणी ऐकून आलेली असायची. ती म्हणायची, "हो ना," आणि कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष द्यायची.

आता हे गाढव म्हणजे कोण, तर दिवसभर राबून संध्याकाळी प्लास्टिकच्या कडक खुर्च्यांवर येऊन बसलेली माणसं. त्यांना कुणी तिकीट काढायला लावलं नव्हतं हे खरं, पण कुणी बांधूनही आणलं नव्हतं. ती आपण होऊन यायची, तासभर बसायची, पाठ दुखली की कूस बदलायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची. याहून जास्त ऐकणाऱ्याने काय करायचं असतं? पण सोलोला त्यांचा राग यायचा. खरं तर त्याला राग यायचा तो त्यांच्यासाठी आपण काय काय करून बसलो याचा. ते मात्र तो बायकोला सांगत नव्हता.

तो शिकला होता बाईंकडे. बाई म्हणजे त्याच्या व्हायोलिनच्या शिक्षिका. त्यांना नवरा नव्हता, मुलं नव्हती, आणि शिष्यही फारसे टिकत नसत, कारण बाईंची जीभ सुरीसारखी होती. पहिल्याच दिवशी त्या मुलाला विचारायच्या, "तुला वाजवायचंय की वाजवताना दिसायचंय?" निम्मे तिथेच गळायचे. सोलो त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा होता, प्रश्न त्याला कळलाच नाही, म्हणून तो टिकला.

बाईंजवळ एक रचना होती. तिला त्या 'आईचं' म्हणायच्या. "आज आईचं घे," एवढंच सांगायच्या. सुरुवात शास्त्रीय, संथ, पायरी पायरीने चढत जाणारी. शेवट वेगाचा, बोटांची परीक्षा पाहणारा. या दोन्हींच्या मध्ये एक अंगाई होती. बाईंची आई त्यांच्या धाकट्या भावंडांना निजवताना ती म्हणायची, आणि ती तिला तिच्या आईकडून मिळालेली. चार-पाच सुरांचं काम. पण आई गाता गाता थांबायची, मूल झोपलं का बघायची, आणि मुलाने चुळबुळ केली की जिथे थांबली होती तिथूनच पुढे धरायची, पुन्हा पहिल्यापासून नाही. बाईंनी ती थांबणी जशीच्या तशी व्हायोलिनवर आणली होती. कुठे किती थांबायचं, थांबल्यावर कुठल्या सुरावर परत यायचं, आणि शेवटच्या थांबण्यानंतर मूल झोपलंय म्हणून आवाज किती खाली आणायचा, सगळं ठरलेलं. "सूर काय, कुणीही काढेल. थांबायला शीक," असं त्या म्हणायच्या आणि बोटाने टेबलावर ठोकून थांबण्याची मापं द्यायच्या.

सोलोला ते मधलं बसायला वर्ष लागलं. बाई कागदावर लिहू देत नसत आणि टेप करू देत नसत. लिहिलं की डोकं हात झटकून मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इतर शिष्यांपैकी कुणी तिथवर पोचलंच नाही. ज्या दिवशी याने पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता वाजवलं, त्या दिवशी बाई आत जाऊन दोन कप कॉफी करून आल्या. शिकवणीच्या वेळात बाईंनी कॉफी केल्याचं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. एवढं चांगलं नशीब या माणसाच्या वाट्याला आलं होतं, हे लक्षात ठेवा.

मग हा यादीत गेला. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमाला, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, त्याने 'आईचं' काढलं. सुरुवात झाली, लोक शांत होते. अंगाई आली आणि तो पहिल्यांदा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय चुकलं? वादक थांबला, त्यांना वाटलं संपलं. याने पुढचे सूर धरले, पुन्हा थांबला, पुन्हा टाळ्या, आणि या खेपेला एक विश्वस्त पुष्पगुच्छ घेऊन उठले. त्यांना कुणीतरी कोट ओढून खाली बसवलं. तिसऱ्यांदा थांबल्यावर निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून आभारच मानून टाकले. सोलो घरी आला तो लालबुंद होऊन. गाढवाला गुळाची चव काय, हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते त्या दिवशी.

यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? सुरू करण्याआधी दोन वाक्यं बोलला असता. ही अंगाई आहे, आई मध्ये मध्ये थांबते, तुम्हीही थांबा. लोकांनी ऐकलं असतं, लोक तेवढे वाईट नसतात. पण प्रेक्षकांना समजावून सांगणं हे सोलोला कमीपणाचं वाटायचं. ज्याला कळायचं त्याला कळेल, असा त्याचा बाणा. म्हणून पुढच्या कार्यक्रमात त्याने थांबणी काढून टाकली. आता थांबणी काढल्यावर त्या अंगाईत उरलं काय? तेच ते चार सूर. मग लोक जांभया द्यायला लागले, मग याने ती निम्मी केली, मग एकदाच वाजवायला लागला, आणि बँकेच्या शाखेत साहेबांना घाई होती म्हणून ती पूर्णच गाळली. सुरुवात संपली की थेट शेवटावर उडी. टाळ्या कडकडून पडल्या. साहेबांनी हात हातात घेऊन दाबला.

त्यानंतर तसंच चालू राहिलं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात तो 'लोकसंगीत' वाजवायचा, म्हणजे चार उडत्या चाली, ज्यांवर लोक ठेका धरतात. खरं लोकांचं होतं ते आपण गाळून बसलोय, आणि लोकसंगीताच्या चौकोनात खूण करतोय, हे त्याच्या कधी मनात आलं असेल असं वाटत नाही. निवेदनाच्या चिठ्ठीवर मात्र न चुकता असायचं, की यांना बाईंची ती दुर्मिळ रचना परंपरेने लाभलेली असून ती जाणणारे ते आज एकमेव आहेत. एकमेव हा शब्द त्याने स्वतः घातला होता. बाईंकडे जायचं जायचं म्हणता म्हणता वर्षं गेली. त्यांनी घर सोडलं, ज्येष्ठांच्या निवासात राहायला गेल्या, हे त्याला कुणाकडून तरी कळलं आणि त्याने चुकचुक केली.

मग एका दुपारी दुकानात त्याला फोन आला. निवासाचे व्यवस्थापक बोलत होते. ती उपलब्ध कलाकारांची यादी त्यांच्या सूचनाफलकावर लागली होती, बाईंनी भिंग घेऊन ती वाचली आणि याच्या नावावर बोट ठेवलं. पुढच्या रविवारी सकाळी जेवणघरात कार्यक्रम ठेवायचा होता. व्यवस्थापक भला माणूस, त्याने भरभरून सांगितलं. बाईंना घशाचा आजार झाल्यापासून त्यांना बोलता येतं, पण सूर लागत नाही. बोटं सांध्यांत वाकली आहेत, त्यामुळे वाद्यही हातात धरवत नाही. आपल्या आईचं गाणं त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलेलं नाही. पण त्यांची काही तक्रार नाही, कारण त्या सगळ्यांना सांगतात, माझा एकच शिष्य आहे, पण त्याच्यापाशी सगळं आहे. "एकच निरोप दिलाय त्यांनी," व्यवस्थापक म्हणाले. "सगळं वाजव म्हणून सांगा, म्हणाल्या. गाळू नको."

सोलो म्हणाला, अर्थातच. फोन ठेवला आणि छाती फुगवून मालकाला सांगितलं, की माझ्या गुरूंनी खास बोलावणं पाठवलंय. मालकाने त्याला अर्धा दिवस सुट्टी दिली.

घरी येऊन त्याने व्हायोलिन काढलं, खुंट्या पिळल्या, गजाला राळ लावली आणि सुरू केलं. सुरुवात अगदी स्वच्छ आली. सुरुवातीचा शेवटचा सूर लांबवला, आणि गजाने आपण होऊन शेवटाच्या पहिल्या सुरावर उडी मारली. तो थांबला, परत मागे गेला, परत तिथवर आला, आणि परत उडी. बोटांना दुसरी वाटच माहीत नव्हती. इतकी वर्षं त्याने त्यांना हेच शिकवलं होतं. तो मुद्दाम गज उचलून धरायचा आणि अंगाईचा पहिला सूर आठवायचा. पहिला आठवायचा, दुसरा आठवायचा. तिसरा हा की तो, यावर डोकं आपटायची वेळ. आणि थांबणी? त्यांचा तर मागमूसही नव्हता.

दोन दिवस त्याने हे बायकोपासून लपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबे भरत असताना तिने विचारलं, "सारखं तेच काय वाजवताय तुम्ही? पुढे जा की." तेव्हा ते बाहेर पडलं. मग दोघांनी मिळून फोनमध्ये शोधलं. लोकांनी वेळोवेळी पाठवलेल्या त्याच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती ढिगाने होत्या. प्रत्येकीत तो सुरुवात वाजवत होता आणि शेवटावर उडी मारत होता. वाचनालयाच्या त्या पहिल्या कार्यक्रमाच्या काळात लोक असं काही टिपून ठेवत नसत. बायको म्हणाली, मुलगी लहान असताना तुम्ही तिला निजवायला तेवढंच वाजवायचात, मला आठवतं. त्याने आशेने विचारलं, कसं होतं ते? ती म्हणाली, "मला कसं सांगता येणार? सुराशी आमच्या सात पिढ्यांचं वैर. ती झोपायची, एवढं आठवतं."

मग तिने सरळ सांगितलं. बाई आहेत, शुद्धीत आहेत, अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. आज संध्याकाळी जायचं आणि म्हणायचं, बाई, मधलं विसरलो. गळा गेला म्हणून काय झालं, सुरांची नावं सांगतील, टेबलावर ठोकून मापं देतील, आधीही तसंच शिकवलं ना त्यांनी? रविवारपर्यंत चार दिवस आहेत. "चार शिव्या घालतील, खाऊन घ्या. शिव्यांनी भोकं पडत नाहीत अंगाला."

हा सल्ला इतका साधा होता की एखाद्याने तेव्हाच चपला घातल्या असत्या. सोलो मात्र खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी, यादीतला कलाकार, एकमेव म्हणून छापून आलेला, आणि त्याने शिकवणीतल्या पोरासारखं दारात जाऊन उभं राहायचं? तिथे बाकीची म्हातारी माणसं असणार, त्यांच्यासमोर बाईंची जीभ सुटणार. बायको म्हणाली, "त्यांना त्यांच्या आईचं गाणं ऐकायचंय हो. तुमचं नाही." यावर त्याने तिला सांगितलं की संगीतातलं तुला कळत नाही. तिने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि कामावर निघून गेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत नव्हता, नुसता पीळच उरला होता.

उरलेल्या दिवसांत त्याने मधलं तयार केलं. म्हणजे जोडलं. आपल्या उडत्या चालींपैकी एक घेतली, तिचा वेग कमी केला, दोन-चार जागी सूर हेलकावले आणि अंगाईचे आठवत होते ते दोन सूर पुढे चिकटवले. ऐकायला गोड झालं. चुकून थांबावं लागू नये म्हणून सगळं सलग बांधलं. आणि मनाशी हिशेब केला, की वय झालंय, कानही गेले असतील, इतकी वर्षं ऐकलेलं नाही, भरून येईल त्यांना आणि भरून आलेल्या माणसाला काही कळत नाही. आपल्याला चौदाव्या वर्षी हाताला धरून सूर दाखवणाऱ्या बाईविषयी हा माणूस असा विचार करत होता.

रविवारी निवासाच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. बाई पहिल्या रांगेत होत्या, चाकांच्या खुर्चीत, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. हा आत आला तशी त्यांनी मान वर करून बघितलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "आलास? किती वाळलास रे." मग शेजारच्यांना सांगितलं, "हा माझा." शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एक पोस्टमन होते, आणखी पंधरा-वीस जण होते. सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यांच्याच घरचं कुणी परदेशातून आलंय. बाईंचे कान ठीक होते. मागच्या दारात कुणी कुजबुजलं तेही त्यांना ऐकू गेलं आणि त्यांनी त्याला गप्प केलं.

वाजवायला सुरुवात करण्याआधी त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "मी यांना सगळं सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मध्ये तो थांबेल, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. आई मुलाकडे बघतेय. आठवडाभर घोकून घेतलंय त्यांच्याकडून. तू आपला सावकाश घे. घाई करू नको."

अजूनही वेळ गेलेली नव्हती. खाली वाकून कानात दोन शब्द सांगता आले असते. त्या रागावल्या असत्या, मग व्यवस्थापकांना सांगितलं असतं की आज नुसती सुरुवात होईल, बाकीचं पुढच्या महिन्यात, आणि त्याला रोज संध्याकाळी येऊन बसायला लावलं असतं. सोलोने मान डोलावली आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

सुरुवात त्याने फार चांगली वाजवली. द्यायचं ते श्रेय देऊ या. बाईंनी डोळे मिटले. त्यांचं वाकलेलं बोट खुर्चीच्या दांडीवर हलत होतं. सुरुवातीचा शेवटचा सूर लांबला तशी सगळी माणसं सरसावून बसली. पोस्टमननी चष्मा काढून हातात घेतला. कुणी खोकलं नाही. मुख्याध्यापिकांनी तर हात मांडीखाली घातले, चुकून टाळी वाजू नये म्हणून. ज्या श्रोत्यांसाठी हा आयुष्यभर रडला, जे आपल्या नशिबात नाहीत म्हणून बूट काढता काढता बायकोचं डोकं खाल्लं, ते हे असे समोर बसले होते, थांबायला तयार, एका म्हातारीने आठवडाभर शिकवून तयार केलेले. आणि यांना देण्यासारखं याच्याजवळ काही नव्हतं.

त्याने जोडलेलं वाजवायला घेतलं. पहिले दोन सूर बरोबर होते. तिसऱ्याला बाईंचं बोट थांबलं. चाल पुढे गेली, हेलकावे घेत, गोड गोड, कुठेही न थांबता. बाईंनी डोळे उघडले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याच्या गजाकडे बघत राहिल्या. माणसं वाट बघत होती, आता थांबेल, मग थांबेल. मग शेवट आला, वेगाचा, त्याच्या हुकमी हातचा, तो त्याने नेहमीपेक्षाही झपाट्याने वाजवला, गज हवेत उंच नेला आणि मान लववली.

एकही टाळी पडली नाही.

तो वाकलेला तसाच राहिला. समोर वीसेक माणसं श्वास रोखून बसली होती. कुणी हललंसुद्धा नाही. बाईंनी सांगितलं होतं, थांबला म्हणजे संपलं असं समजायचं नाही, आई मुलाकडे बघतेय. ती बिचारी माणसं तिला बघू देत होती. अखेर मुख्याध्यापिका बाईंच्या कानाशी झुकून हलकेच म्हणाल्या, "तो थांबणार होता ना? हेच का ते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "झालं त्याचं. वाजवा टाळ्या."

मग सगळ्यांनी वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. व्यवस्थापकांनी चहा सांगितला. सोलोने घाईघाईने व्हायोलिन पेटीत घातलं, कडी लावली, आणि निसटायच्या बेतात होता तर व्यवस्थापक बाईंची खुर्ची ढकलत त्याच्या समोर घेऊन आले. मागोमाग पोस्टमन आले, मुख्याध्यापिका आल्या. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. शिव्यांची तयारी ठेवून उभ्या असलेल्या माणसाला तो असता तर बरं वाटलं असतं.

"छान वाजवलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "कुणाकडे शिकलात?"

व्यवस्थापक ओशाळले. त्यांनी याच्याकडे बघून हळूच खूण केली, वय झालंय, चालायचंच. पण बाईंचं डोकं ठिकाणावर आहे हे याला पक्कं कळत होतं. चौदाव्या वर्षापासून त्यांनी त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. शिष्याला अहो-जाहो करत नाहीत, पाहुण्याला करतात. त्या त्याला मोकळं करत होत्या, किंवा शेवटचं एकदा विचारत होत्या. तुमच्याकडेच शिकलो, बाई, आणि घालवून बसलो, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्या बाईंना त्यांच्या आईचं गाणं मिळालं असतं, निदान मिळायला सुरुवात झाली असती. पण मग सगळ्यांदेखत कळलं असतं की जे वाजलं ते ते नव्हतं. व्यवस्थापकांनी खूण करून दाखवलेली पळवाट समोर उघडी होती. सोलो हसला, म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तसं.

"असंच," तो म्हणाला. "इकडेतिकडे."

"हो," बाई म्हणाल्या. "ऐकू आलं ते."

आणि त्यांनी व्यवस्थापकांना खुर्ची वळवायला सांगितली, चहा निवत होता.